गाडी जुनी, टायर ताजा

मध्य प्रदेशातल्या बालाघाटहून मुंबईला गाडीनं निघालेला माणूस गोंदियाकडून किंवा वारासिवनी-कटंगीकडून नागपूर गाठतो आणि तिथून समृद्धी महामार्गावर चढतो. या रस्त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला, आणि जून २०२५मध्ये सगळे ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. सरळसोट काँक्रीट, मोटारीला ताशी १२०ची मुभा, वर विदर्भाचं ऊन. पहिल्या काही महिन्यांतच टायर फुटून झालेल्या अपघातांची चर्चा सुरू झाली आणि २०२३मध्ये परिवहन विभागानं महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासायला सुरुवात केली. ज्यांचे टायर गुळगुळीत झाले होते, त्यांना तिथूनच माघारी पाठवलं गेलं. लायसन्स, विमा, पीयूसी यांची सवय असलेल्या चालकाला कुणी वाकून टायर बघतंय, हे नवं होतं.

अधिकारी बघतो ती खाचांची खोली. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. खाचेच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे दिलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. रोज पळणाऱ्या टॅक्सीसाठी ही परीक्षा पुरेशी आहे. पण जुनी वेगवान गाडी हौसेनं पाळणाऱ्या माणसाची अडचण नेमकी उलटी असते. त्याच्या टायरची नक्षी सुरेख असते. प्रवेशद्वारावर तो पहिल्या नंबरानं पास होईल, आणि त्याच दिवशी दुपारी त्याचाच टायर फुटेल.

न झिजता मरणारं रबर

हौसेची गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर पळाली तरी खूप झालं. रविवारी सकाळी एखादी फेरी, लग्नसराईत दोन गावं, पावसाळ्यात बहुधा झाकलेली. सहा वर्षांत चोवीस हजार किलोमीटर. एवढ्यात चांगल्या टायरची अर्धी नक्षीही जात नाही. पण रबर पळण्यावर वय मोजत नाही. हवेतला प्राणवायू आणि ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी ते आतून ताठर होत जातं. हे लांबवण्यासाठी रबरात संरक्षक रसायनं घातलेली असतात. टायर फिरत, दबत, उलगडत राहिला की ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला हा मसाजही मिळत नाही. मग भिंतीवर केसाएवढ्या भेगा दिसू लागतात. त्याआधी बराच काळ पकड गेलेली असते, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

याचं जगभर गाजलेलं उदाहरण नट पॉल वॉकर याच्या अपघाताचं आहे. ३० नोव्हेंबर २०१३ला कॅलिफोर्नियात सांता क्लारिटा इथे तो ज्या पोर्शा कॅरेरा जीटीत बसला होता, ती २००५ची होती. मार्च २०१४मध्ये पोलिसांनी जाहीर केलेल्या तपासात मुख्य कारण अतिवेग हेच ठरलं, पण टायर नऊ वर्षांहून जुने होते आणि त्यामुळे गाडीच्या पकडीवर परिणाम झाला असू शकतो, अशी नोंदही झाली. जगातल्या सर्वांत महागड्या गाड्यांपैकी एक, आणि तिच्या पायात म्हातारं रबर.

वय ओळखणं सोपं आहे. टायरच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. ही ओळ पूर्ण स्वरूपात बहुधा एकाच बाजूला असते. ती बाजू आत बसवलेली असेल तर गाडीखाली डोकं घालावं लागतं, किंवा मोबाइल आत सरकवून फोटो काढावा लागतो. शेवटी चारऐवजी तीनच आकडे दिसले तर टायर गेल्या शतकातला आहे असं समजावं, कारण चार आकड्यांची पद्धत २०००पासूनची. मिशेलिनसारख्या कंपन्यांचा सल्ला असा, की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी रजा. बालाघाटच्या उन्हात, आणि वेगानं चालवायच्या गाडीला, सहा वर्षं ही माझ्या मते शहाणपणाची मर्यादा.

वैनगंगेकाठची वेगवान गाडी

बालाघाटात फेरारी नाही. इथल्या रस्त्यांवर जड वाहनांचं राज्य आहे. भरवेली आणि उकव्याचं मँगनीज, मलाजखंडचं तांबं, धानाच्या राइस मिलींकडे जाणारे ट्रक, शेतातले ट्रॅक्टर. टायरच्या बाजाराचं पोट त्यांच्यावर आणि मोटारसायकलींवर भरतं. १ नोव्हेंबर १९५६च्या राज्य पुनर्रचनेत शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. पण लांजी-कटंगीच्या बाजूला मराठी राहिली, आणि मोठी खरेदी, मोठं आजारपण, मोठी दुरुस्ती यांसाठी नागपूरचा रस्ता धरायची सवयही. एमपी-५० आणि एमएच-३५च्या पाट्या इथल्या एकाच बाजारात शेजारी शेजारी उभ्या दिसतात.

अशा जिल्ह्यात जुनी स्पोर्ट्स कार म्हणजे काय? तर एका पिढीच्या मनात घर करून बसलेल्या गाड्या. फियाटनं २००१मध्ये मुंबईच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून काढलेली पॅलिओ, तिचं शंभर अश्वशक्तीचं १.६ इंजिन, तिची सचिन तेंडुलकरच्या नावाची एस-१० आवृत्ती. स्कोडानं तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, शेंद्र्यात जोडलेली आणि २००४मध्ये आणलेली ऑक्टाव्हिया आरएस, दीडशे अश्वशक्तीची, टर्बोची. क्वचित कुणाच्या शेडमध्ये रेनोचं इंजिन असलेली, फायबरच्या अंगाची दोन आसनी सॅन स्टॉर्मही निघेल. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन निर्बंध आले, तेव्हापासून तिथल्या जुन्या गाड्या ना-हरकत दाखला घेऊन देशभर पांगल्या. त्यांतली एखादी चांगली जपलेली, कमी पळालेली गाडी हौशी माणसाला स्वस्तात सापडते. मीटरवर किलोमीटर कमी, म्हणून तो खूश असतो. कमी किलोमीटर म्हणजे टायर पहिलेच असण्याची शक्यता जास्त, हे त्याला कुणी सांगत नाही.

मग तो टायर बदलायला निघतो, आणि पहिला प्रश्न येतो मापाचा.

तीन मापं, एक उंची

१७५/७० आर १३ असं माप वाचताना १७५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ७० म्हणजे रुंदीच्या किती टक्के भिंतीची उंची, आर म्हणजे रेडियल, १३ म्हणजे इंचांत रिमचा व्यास. भिंतीची उंची सुमारे १२२ मिलिमीटर, आणि पूर्ण चाक ५७५ मिलिमीटर. आता रिम चौदाचं घेतलं आणि टायर १८५/६०चा, तर चाक ५७८. रिम पंधराचं आणि टायर १९५/५०चा, तर चाक ५७६. तिन्हींची उंची जवळपास एकच, त्यामुळे स्पीडोमीटरही बिघडत नाही आणि गिअरचं गणितही. रुंदी वाढली, भिंत आखूड झाली, वळणावर गाडी चटकन ऐकू लागली. जुन्या गाडीचं मूळ माप बाजारात मिळेनासं झालं की हौशी लोक या जिन्यानं वर चढतात, आणि हा जिना चुकीचा नाही.

पण प्रत्येक पायरीला काहीतरी खाली ठेवावं लागतं. १२२ मिलिमीटरची भिंत ९७वर येते, तेव्हा खड्ड्याचा घाव झेलणारी २५ मिलिमीटर हवा कमी झालेली असते. बालाघाटहून बैहरकडे, कान्हाच्या मुक्की दरवाजाकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर, खनिजाच्या ट्रकांनी कडा खाल्लेल्या डांबरावर, ही हवा कामाची असते. आखूड भिंतीचा टायर खड्ड्याच्या धारेवर चेपला की आतले दोरे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवर फुगा येतो. फुगा आलेल्या टायरला पंक्चरवाला काही करू शकत नाही. रिम वाकलं तर ते वेगळंच. म्हणून नागपूर-मुंबई काँक्रीटवर जास्त पळणाऱ्याने पंधराची पायरी चढावी. घाट आणि खेडी ज्याच्या नशिबात, त्याने चौदावर थांबावं. आणि मूळ माप ताजं मिळत असेल तर तेरावरही लाज वाटायचं कारण नाही.

मापाच्या शेजारी आणखी दोन खुणा असतात, त्यांच्याकडे दुकानात कुणी बघत नाही. ८२ व्ही असं लिहिलं असेल तर ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो भार, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता. टी म्हणजे १९०, एच २१०, डब्ल्यू २७०, वाय ३००. १२०ची मर्यादा असलेल्या देशात २४०चा टायर कशाला, असा प्रश्न रास्त वाटतो. पण हे अक्षर मुळात उष्णता सोसण्याची कसोटी आहे. ज्या बांधणीनं २४०ची उष्णता प्रयोगशाळेत सोसली, तिला मे महिन्यात १२० सोपे जातात. कंपनीनं दिलेल्या अक्षराच्या किंवा भाराच्या खाली उतरायचं नाही. ‘चालून जाईल’ हे वाक्य या दोन आकड्यांच्या बाबतीत ऐकायचंच नाही.

सचिनची फेरारी, होळकरांची ड्यूसेनबर्ग

मराठी माणसाच्या स्मृतीतली सर्वांत प्रसिद्ध स्पोर्ट्स कार म्हणजे सचिनची लाल फेरारी ३६० मोडेना. ब्रॅडमनच्या एकोणतीस कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून फियाटकडून मिळालेली, २००२मध्ये सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाखरच्या हस्ते दिलेली. पुढे तिच्या आयातकरावरून वाद झाला, आणि २०११मध्ये ती सुरतच्या एका व्यावसायिकाकडे गेली. त्या वादात तिच्या चाकांकडे कुणी पाहिलं नाही. पुढचे टायर २१५/४५ झेडआर १८, मागचे २७५/४० झेडआर १८. चारशे अश्वशक्तीचं इंजिन मधोमध, जोर मागच्या चाकांवर, म्हणून मागचे टायर सहा सेंटिमीटर जास्त रुंद. पुढचे-मागचे टायर आलटून पालटून लावायची आपली घरगुती काटकसर अशा गाडीला लागू पडत नाही. अशा गाड्यांना टायरही कंपनीनं खास मंजूर केलेला लागतो, आणि त्याची खूण भिंतीवर असते. पोर्शाच्या टायरवर एन, मर्सिडीजच्या टायरवर एमओ, बीएमडब्ल्यूच्या टायरवर तारा.

सचिनच्या फेरारीच्या सुमारे सत्तर वर्षं मागे जावं तर मध्य प्रदेशातच, इंदूरला, मराठी राजघराण्याचे यशवंतराव होळकर दुसरे यांच्याकडे अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजे होती. लंडनच्या गर्नी नटिंगनं तिचं दोन आसनी अंग बांधलं होतं. त्या काळचे टायर अरुंद आणि तिरप्या दोऱ्यांचे. मिशेलिननं रेडियलचं पेटंट घेतलं ते १९४६मध्ये. रेडियलची भिंत लवचीक असते आणि वळणावर वेगळ्या पद्धतीनं दबते, जुन्या गाडीचं सस्पेन्शन तिरप्या दोऱ्यांच्या टायरला धरून आखलेलं असतं. म्हणून अशा गाड्यांचे मालक आजही जुन्या बांधणीचेच टायर नव्यानं करवून घेतात. अमेरिकेत १९५८मध्ये सुरू झालेली कोकर नावाची कंपनी याच धंद्यात आहे. पिरेलीही जुन्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी आपल्या जुन्या नक्षीचे टायर नव्या रबरात पुन्हा काढते.

या दोन गाड्यांमधून पॅलिओवाल्याने घ्यायचा धडा एकच. गाडी ज्या काळात, ज्या बांधणीच्या टायरवर जुळवली गेली, त्यापासून फार लांब जायचं नाही. जुनी बांधणी, नवं रबर.

बंदरावर अडलेली हौस

पण नवं रबर येणार कुठून? २००९च्या गुणवत्ता आदेशानं भारतात विकल्या जाणाऱ्या टायरला आयएसआय चिन्ह सक्तीचं केलं. परदेशी कारखान्यानं प्रत्येक मापाचा परवाना काढायचा म्हणजे खर्च आला. ज्या मापाचे वर्षाला शे-दोनशे टायर खपतील, त्यासाठी कोण तो करणार? त्यावर १२ जून २०२०ला परदेश व्यापार महासंचालनालयानं मोटारीच्या नव्या टायरांची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून ‘निर्बंधित’ केली. आता प्रत्येक मालाला आधी परवानगी. देशी कारखान्यांना याचा फायदा झाला, पण दुर्मीळ मापाच्या हौशी टायरची वाट अरुंद झाली. लांब मुदतीनं आलेला माल गोदामात पडून राहतो आणि दुकानदार त्याला ‘नवीनच’ म्हणतो, कारण तो कधी वापरलेला नसतो. त्याच्या दृष्टीनं ते खरंही असतं.

दिलासा असा, की देशी पर्याय आता हलके राहिलेले नाहीत. १९५८मध्ये इटालियन नाव घेऊन मुंबईत सुरू झालेली सिएट, मध्य प्रदेशातच मुरैना जिल्ह्यात बामोरला कारखाना असलेली जेके, पिथमपूरजवळ १९९८पासून आणि पुढे चाकणलाही टायर करणारी ब्रिजस्टोन, नेदरलँड्सची व्रेडेस्टाइन २००९मध्ये विकत घेतलेली अपोलो. या सगळ्यांच्या यादीत चौदा-पंधरा इंचांचे वेगवान टायर आहेत. यातले दोन कारखाने मध्य प्रदेशात आहेत. बालाघाटच्या गिऱ्हाइकाला टायर परदेशी नावाचा हवा असेल तरी तो बंदरातून येण्याची गरज नाही, आणि जवळच्या कारखान्यातून आलेला टायर ताजा मिळण्याची शक्यताही जास्त.

किती पकड पुरे?

आता मुख्य निवड. अमेरिकी बाजारासाठी काढलेल्या टायरच्या भिंतीवर झिजेचा एक आकडा असतो. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोजवळच्या ठरावीक रस्त्यावर ७,२०० मैल पळवून तो ठरतो. १०० हा आधार, ३०० म्हणजे तिप्पट टिकाऊ. पण आकडा कंपनी स्वतः देते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एका तराजूत घालू नयेत. साधारण असं धरावं, की २००च्या घरातलं रबर शर्यतीच्या जवळचं, पाचशेच्या वरचं टिकाऊ.

आपल्याकडे गिऱ्हाईक पहिलं विचारतं, किती किलोमीटर जाईल? हौसेच्या गाडीच्या बाबतीत हा प्रश्नच गैरलागू आहे. वर्षाला चार हजार किलोमीटरची गाडी ऐंशी हजार किलोमीटरचा टायर घेऊन बसली, तर ती तो वीस वर्षांत संपवेल आणि रबर सहाव्या वर्षीच म्हातारं होईल. न वापरता फेकायच्या टिकाऊपणाचे पैसे त्याने का द्यावेत? त्याने ते पकडीवर खर्च करावेत. झिजेचा आकडा तीनशेच्या आसपास असलेला, मऊ रबराचा, ओल्या रस्त्यावर चांगला समजला जाणारा टायर त्याला परवडतो, कारण त्याचा खर्च किलोमीटरवर नसून वर्षावर पडतो.

मात्र सर्वांत मऊ टोकाला जायचं नाही. दोनशेच्या घरातले टायर गरम झाल्यावर चिकटतात आणि त्यांच्या खाचा कमी असतात. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या पावसाळ्यात खाचा लागतात. टायरखालचं पाणी बाहेर ढकललं गेलं नाही तर चाक पाण्यावर तरंगू लागतं. १९६०च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानाच्या टायरांवर याचं गणित मांडलं. गुळगुळीत टायरला हा धोक्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. तीस पीएसआयला तो ताशी नव्वदच्या आसपास, वीसला पंचाहत्तरच्या आसपास. म्हणजे कमी हवा आणि झिजलेली नक्षी ही जोडी पावसात घातक. भारतातही एआयएस १४२ या मानकानं टायरच्या ओल्या पकडीची किमान पातळी आता ठरवून दिली आहे. पण किमान म्हणजे किमान. वेगवान गाडीला त्याच्या वरचं हवं.

उन्हाळ्यात उलटी चूक होते. सकाळी २५ अंशांना तीस पीएसआय भरलेला टायर आतून ६५ अंशांपर्यंत तापला तर दाब छत्तीसच्या आसपास जातो. हे बघून बरेचजण दुपारी हवा कमी करतात. हीच फुटण्याची तयारी. कमी हवेच्या टायरची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकण्यानं आणखी तापते, तापून आतले थर सुटतात. हवा थंड टायरला, सकाळी, गाडीच्या दारावरच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे भरायची आणि मग दिवसभर तिला हात लावायचा नाही. नायट्रोजननं चमत्कार होत नाही. त्याचा दाबही तापल्यावर वाढतो. तो हळू गळतो, एवढंच.

दुकानात

नागपूरला फोन करताना माप सांगितलं, की लगेच भाव विचारू नये. आधी तारीख विचारावी, आणि चारही टायरांची विचारावी, कारण एकाच नावाखाली दोन वेगळ्या वर्षांचे नग येतात. सहा महिन्यांच्या आतले असतील तर उत्तम, वर्षाच्या आत चालतील. त्याहून जुने असतील तर कितीही सूट असली तरी नको, कारण सूट म्हणजे आपल्या वापरातून वजा झालेली वर्षं. दुसरा प्रश्न भार आणि वेगाच्या खुणेचा. तिसरा भावाचा.

दोनच टायर घ्यायची ऐपत असेल तर नवे मागे लावावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून आवरता येते. मागची सुटली तर ती फिरते. टायर बसवताना जुना वॉल्व्ह परत बसवू देऊ नये. अलाइनमेंटआधी गाडीच्या खालच्या झिजलेल्या बुश आणि बॉल जॉइंट तपासून घ्यावेत, नाहीतर नवा टायर एका कडेनं खाल्ला जाईल आणि दोष टायरच्या माथी येईल. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर बेतानं चालवावं. साच्यातून सुटण्यासाठी लावलेलं तुळतुळीत आवरण तेवढ्यात निघतं. स्टेपनी विसरू नये. डिकीतली ती बहुधा गाडीइतकीच जुनी असते, आणि रात्री लालबर्र्याच्या रस्त्यावर तीच लावायची वेळ येते.

समृद्धीच्या प्रवेशद्वारावरची तपासणी आणखी एक पाऊल पुढे जाऊ शकते. खाचेत पट्टी घालणारा माणूस त्याच वेळी ते चार आकडेही वाचू शकतो, आणि दहा वर्षांवरच्या टायरला नक्षी बघून सोडणं बंद करता येईल. तोवर हे काम मालकाचं आहे. त्याच्या गाडीला नवं इंजिन मिळणार नाही, सुटे भाग शोधायला त्याला देशभर फोन करावे लागतील, फियाट कुर्ल्यात आता गाडी बनवत नाही. त्या गाडीत बाजारातून आजही अगदी नवी आणता येईल आणि तिचं चालणं खरोखर बदलेल अशी वस्तू टायरच आहे. तिथे जुना माल स्वस्तात घेऊन काटकसर करण्यात काही हौस नाही.